उघडलं तर सांगजो

कळमन्याच्या यार्डात माझं नाक कामाला आहे,
मी त्याच्या मागे मागे जातो.
भिवापुरी कुठली, गुंटूरची कुठली,
कोणत्या पोत्याला खालून ओल लागली,
वरचा थर हसतोय आणि आतला कुजतोय,
बोट न लावता सांगतो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते बंद पडलं.
आधी पाण्यासारखं गळालं,
मग हिरवं, घट्ट,
मग भुवयांच्या मागे कोणीतरी खलबत्ता मांडला.
वाकलो की गालाच्या हाडात
अख्खं डोकं सांडायला यायचं.
पोत्यात तोंड घातलं. काही नाही.
नुसता लाल रंग, फोटोतल्यासारखा.
सिरपत म्हणाला, 'भौ, घरी जाय,
बुरशीचं पोतं एक नंबरात टाकशीन.'

मस्कासाथेत, साबुदाण्याच्या ठोक दुकानाला लागून
दीड खणाची जागा. कौतिकाबाई पराते.
पाटी नाही. डालड्याचे डबे, साठ-सत्तर,
एकावरही चिठ्ठी नाही.
'काहून तोंड सुजलं तुह्यं?'
अंगठ्याने भुवईखाली दाबलं. मी ओरडलो.
'ताप?'
'थोडा.'
'थोडा हाय तोवर मी. चढला, नाहीतं डोळा सुजला,
का सीधा मेयोत जाजो. माह्यापाशी येऊ नोको.'

मग डबे.
निरगुडीचा पाला, वाफेसाठी.
ओवा, तडतडेपर्यंत भाजून पुरचुंडीत.
वेखंड उगाळून कपाळाला, पातळ.
सुंठ-पिंपळी मधातून,
आणि कायफळाची पूड, चिमूटभर.
'ओढू नोको, नुसती दाखव नाकाले.
शिंका येतीन. मोजत बसू नोको.'
प्रत्येक डब्यात हात घालून ती थांबायची,
चुरडायची, नखाने खरवडायची,
साल कानाशी नेऊन मोडायची.
एकदाही नाकाकडे नेलं नाही.

विचारलं, तर म्हणाली,
'माह्यं गेलं बाप्पा. लय वर्स झाले.
अशीच सर्दी, अंगावर काढली.
पाला बोटाले ओळखते.'
दोरा दातांनी तोडला.
साठ रुपयांत दोन कमी होते, तेही मागून घेतले.
'उघडलं तं सांगजो.'

गोधडीखाली पातेलं, मी आणि माझा श्वास,
दोघे एकमेकांना चाचपडत.
बायको म्हणे, ओव्याचा वास पार गच्चीपर्यंत गेला.
मला नाही भेटला.
कायफळाने सतरा शिंका. मोजल्याच.
तिसऱ्या रात्री ताप चढला, मेयो गाठलं.
पोरसवदा डॉक्टरने टॉर्च मारून गोळ्या लिहिल्या,
वाफ घ्या म्हणाला, फक्त भाजून घेऊ नका.
दोन्ही चालू ठेवलं.
कोणी बरं केलं ते विचारू नका,
नाकाने पावती दिली नाही.

नवव्या सकाळी
जिन्यात कोणीतरी संत्रं सोललं होतं.
आधी टोचलं. मग ओलं. मग गोड, तेही शेवटी.
यार्डाची वेळ टळली तरी पायरीवरून उठवेना.

संध्याकाळी तिला सांगायला गेलो.
'उघडलं.'
ती काही बोलली नाही. डबा पुढे सरकवला.
'सांग.'
मी भाव सांगणारा माणूस, शब्द कुठून आणू?
वेखंड, म्हटलं, लहान लेकराचं टाळू.
ओवा, म्हटलं, पोट दुखत असलेली दुपार.
कायफळाला उत्तर शिंकेने गेलं.
ती हसली, पुढचा डबा.
निरगुडी. पुढचा. पुढचा.
मी आता जोरात होतो.

पिंपळीच्या डब्याशी नाक थांबलं.
हा वास मला पोटापाण्यापुरता पाठ आहे.
वरून कोरडं, खडखडीत.
खाली, तळाशी,

'काय झालं?'
बोलू की नको, असं क्षणभर झालं.
याच डब्यातलं मी आठवडाभर मधातून चाटलं होतं.
'खालून ओल लागली, बाई.'

तिने कोपरापर्यंत हात घातला.
बोटं बराच वेळ तळाशी फिरली,
वर आली, एकमेकांवर घासली,
पुन्हा खाली गेली.
मग उठून तिने सगळा डबा
दारासमोरच्या नालीत उपडा केला,
बूड दोनदा ठोकलं,
पदराने आतून पुसला,
उन्हाकडे तोंड करून पालथा ठेवला

आणि मागच्या फळीवरचे,
मी अजून न पाहिलेले,
एकेक करून खाली काढू लागली.